कारिस्सिमी : शिष्यांच्या वह्यांत उरलेला गुरू

इ. स. १६६३ हे साल मराठी वाचकाला एका रात्रीमुळे ठाऊक असते. त्या वर्षीच्या चैत्रात शिवाजी महाराजांनी पुण्याच्या लाल महालात शिरून शाएस्तेखानाची बोटे छाटली. त्याच वर्षी तेथून दक्षिणेला, मांडवी नदीकाठच्या जुन्या गोव्यात, एक इटालियन प्रवासी बॉम जेझूस चर्चमध्ये उत्सवाचे गाणे ऐकत उभा होता. गायकांचे सात संघ होते. एका संघाने सुरावट उचलावी, दुसऱ्याने तिला उत्तर द्यावे आणि मग सर्वांनी मिळून चर्चचा घुमट भरून टाकावा, असा तो प्रकार होता. आपण हिंदुस्थानात नसून रोममध्येच आहोत, असा त्या प्रवाशाला भास झाला. त्याने चौकशी केली. ही रचना रोमच्या सुप्रसिद्ध कारिस्सिमीची आहे, असे त्याला सांगण्यात आले. गाणारे मात्र रोमचे नव्हते. ते येथलेच, गोव्याच्या मातीतले होते.

हा जाकोमो कारिस्सिमी त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांचा होता व रोममध्ये मुलांना गाणे शिकवीत होता. पाश्चात्त्य संगीत म्हटले की आपल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला बाख, मोझार्ट, बेथोव्हेन ही नावे सुचतात. कारिस्सिमीचे नाव क्वचितच कोणी घेतो. परंतु बाखचा जन्म झाला तेव्हा कारिस्सिमीला जाऊन अकरा वर्षे लोटली होती, आणि ज्या पायवाटेवरून पुढे हेंडेलने राजरस्ता केला ती पाडणाऱ्यांत कारिस्सिमी अग्रेसर होता. त्याचे जीवन साधे, जवळजवळ घटनाशून्य आहे. नाट्य आहे ते त्याच्या संगीतात, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कागदपत्रांचे जे झाले त्यात.

पिंपे बांधणाऱ्याचा मुलगा

रोमच्या आग्नेयेस डोंगरउतारावर मारीनो नावाचे लहानसे गाव आहे. द्राक्षांचे मळे आणि दारू यांसाठी ते आजही प्रसिद्ध आहे. तेथे आमिको कारिस्सिमी नावाचा कारागीर लाकडी पिंपे बांधण्याचा धंदा करी. त्याच्या सहा मुलांतील सर्वांत धाकटा तो जाकोमो. १८ एप्रिल १६०५ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. योगायोग असा, की ज्या बॉम जेझूस चर्चमध्ये पुढे त्याचे संगीत गायिले जायचे होते, ते चर्चही बांधून पुरे होऊन १६०५ मध्येच पूजेसाठी अर्पण झाले.

घरात संगीताची परंपरा नव्हती. त्या काळी गरीब घरच्या, पण गळा असलेल्या मुलाला शिक्षणाची एक वाट मोकळी असे, ती म्हणजे चर्चमधील गायकवृंद. जाकोमो त्याच वाटेने गेला. अठराव्या वर्षी तो तिवोलीच्या मुख्य चर्चमध्ये गायक म्हणून दिसतो, आणि थोड्याच काळात तेथेच ऑर्गनवादक होतो. १६२८ मध्ये असिसी येथील सान रुफीनो चर्चने त्याला संगीतप्रमुख नेमले. त्यानंतर वर्षभरातच, १६२९ च्या अखेरीस, रोमच्या जर्मन कॉलेजचे बोलावणे आले. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. पुढची चव्वेचाळीस वर्षे त्याने ही एकच नोकरी केली.

हे जर्मन कॉलेज म्हणजे आपण समजतो तसे महाविद्यालय नव्हे. जेझुइट पंथाच्या संस्थापकाने, इग्नेशियस लोयोलाने, १५५२ मध्ये ते स्थापन केले. जर्मन भाषक प्रदेशात धर्मसुधारणेची लाट उसळली होती. तेथे परत जाऊन जुन्या पंथाची बाजू सांभाळतील असे धर्मगुरू तयार करावेत, हा त्याचा उद्देश. सांत अपोलिनारे हे चर्च या कॉलेजकडे होते आणि तेथील संगीताची रोमभर ख्याती होती. स्पेनचा थोर संगीतकार व्हिक्टोरिया यानेही पूर्वी याच कॉलेजात हे पद सांभाळले होते. विद्यार्थ्यांना व लहान मुलांना गाणे शिकवणे, सणावारांना नवे संगीत रचणे व ते बसवणे, हे कारिस्सिमीचे काम होते. आजच्या भाषेत बोलायचे तर तो एक प्राध्यापक होता.

कीर्ती पसरली तशी बोलावणीही आली. १६४३ मध्ये व्हेनिसचा महान संगीतकार मोंतेवेर्दी वारला. त्याच्या जागी, सान मार्कोच्या गादीवर, कारिस्सिमीचे नाव पुढे आले. इटलीतील कोणत्याही संगीतकाराने ज्यासाठी जीव टाकावा असे ते पद होते. कारिस्सिमीने ते घेतले नाही. ब्रुसेल्सहून ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातील आर्चड्यूक लिओपोल्ड विल्हेल्म याची विचारणा आली, तिलाही त्याने नकार दिला. १६५६ मध्ये स्वीडनचे सिंहासन सोडून रोमला आलेल्या राणी क्रिस्तिनाने त्याला आपल्या दरबारी संगीताचे प्रमुखपद दिले. ते त्याने स्वीकारले खरे, पण कॉलेज न सोडता. १६३७ मध्ये त्याने धर्मसेवेची दीक्षाही घेतली होती. अंगाने उंच व सडपातळ, राहणीने काटकसरी, मित्रांशी अत्यंत सभ्य, आणि स्वभावाने थोडासा खिन्न, असे त्याचे वर्णन मागे राहिले आहे.

इफ्ताहाची कथा

त्या काळी रोममध्ये एक नवा संगीतप्रकार आकार घेत होता. प्रार्थनेसाठी जमण्याच्या दालनास इटालियन भाषेत ‘ओरातोरिओ’ म्हणत. त्या दालनात गायिल्या जाणाऱ्या धार्मिक कथासंगीतालाही तेच नाव पडले. सान मार्चेल्लो चर्चजवळच्या क्रोचिफिस्सो या दालनात उपवासकाळातील शुक्रवारी असे कार्यक्रम होत आणि रोममधील प्रतिष्ठित मंडळी तेथे गर्दी करीत. १६३९ साली आलेला मोगार नावाचा फ्रेंच वादक तेथील गायनवादनाने थक्क झाला होता. कारिस्सिमीनेही या दालनासाठी संगीत दिले.

मराठी वाचकाला ऑरेटोरिओ समजावून सांगणे अवघड नाही. आपल्या कीर्तनातला उत्तररंग डोळ्यांसमोर आणावा. पोशाख नाही, पडदा नाही, अभिनयासाठी रंगभूमी नाही. बुवा उभ्याउभ्या आख्यान लावतात. कधी स्वतः निवेदन करतात, कधी राजा होऊन बोलतात, कधी राणी होऊन रडतात, आणि साथीदार ध्रुपद झेलतात. ऑरेटोरिओमध्ये या भूमिका निरनिराळ्या गायकांत वाटून दिलेल्या असतात, आणि साथीदारांच्या जागी अनेक सुरांत गाणारा वृंद असतो, एवढाच मुख्य भेद.

कारिस्सिमीचा सर्वांत गाजलेला ऑरेटोरिओ ‘इफ्ताह’ हा होय. मूळ लॅटिनमध्ये त्याचे नाव ‘येफ्ते’. तो १६५० पूर्वी रचला गेला. कारण त्या वर्षी रोममधील जेझुइट विद्वान आथानासिउस किर्खर याने संगीतावरील आपला प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यात या रचनेतील एक भाग छापून तिची मुक्तकंठाने स्तुती केली.

कथा बायबलच्या जुन्या करारातील ‘शास्ते’ या पुस्तकातील आहे. इफ्ताह हा इस्राएलचा सेनापती. अम्मोनी लोकांवर स्वारी करण्यापूर्वी तो देवाला नवस बोलतो की, मला जय मिळाला तर परत येताना माझ्या घरातून जे कोणी प्रथम सामोरे येईल ते मी तुला अर्पण करीन. त्याला जय मिळतो. तो घरी परततो. डफ वाजवीत, नाचत, त्याची एकुलती एक मुलगी त्याला सामोरी येते. बाप कपडे फाडून आक्रोश करतो. मुलगी मात्र म्हणते की, तुम्ही देवाला शब्द दिला आहे, तो पाळा. ती मागते केवळ दोन महिन्यांची मुदत. मैत्रिणींबरोबर डोंगरांत हिंडून आपल्या अपुऱ्या आयुष्याचा शोक करावा, एवढीच तिची इच्छा असते. बायबलने या मुलीचे नावसुद्धा दिलेले नाही.

मुलासाठी नवस बोलण्याच्या आणि फेडण्याच्या कथा आपणासही परक्या नाहीत. चिलया बाळाचे आख्यान ऐकताना ज्यांचे डोळे ओलावले असतील, त्यांना इफ्ताहाच्या मुलीची कथा आपलीच वाटेल. फरक शेवटात आहे. आपल्या आख्यानात शंकर प्रसन्न होतात आणि बाळ परत येतो. कारिस्सिमीच्या रचनेत कोणी येत नाही.

सूर कसे बोलतात

ही सबंध रचना अवघ्या पंचवीसेक मिनिटांची आहे. साथीला मोठा वाद्यवृंद नाही. खालच्या सुरांची एक अखंड चाल, जिला ‘बासो कंटिन्युओ’ म्हणतात, ती ऑर्गन व एखाद्या तंतुवाद्यावर चालू असते. आपल्या तंबोऱ्याशी तिची तुलना करावीशी वाटते, पण एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. तंबोऱ्याचा षड्ज अचल असतो आणि गायक त्याच्याभोवती फिरतो. कंटिन्युओचा खर्ज स्वतः चालत असतो आणि त्याच्या प्रत्येक पावलाबरोबर वरच्या सुराचा अर्थ बदलत जातो. गायक एकाच स्वरावर थांबला असला तरी पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते ती यामुळेच.

निवेदनाची योजनाही लक्षात घेण्यासारखी आहे. निवेदकाला लॅटिनमध्ये ‘हिस्टोरिकुस’ असे नाव आहे, पण कारिस्सिमीने ते काम एका गायकाला दिलेले नाही. कधी एकच आवाज कथा पुढे नेतो, कधी दोन, कधी सगळा वृंद. शब्द बोलण्याच्या लयीत, जवळजवळ पठणासारखे गायिले जातात. युद्धाचा प्रसंग आला की लय उसळते. शत्रूला पळून जाण्यास सांगणारे शब्द धारदार, तुटक सुरावटींत एका आवाजाकडून सबंध वृंदाकडे जातात आणि ऐकणाऱ्याला धावपळ दिसू लागते. मग अम्मोनी लोकांचा पराभव होतो. येथे विजयाचा जल्लोष येईल असे वाटते. पण कारिस्सिमी थांबतो आणि हरलेल्यांच्या विलापासाठी तीन आवाजांत अर्ध्या अर्ध्या स्वराने खाली उतरणारी सुरावट देतो. दुःख शत्रूचे असले तरी ते दुःखच, असे शब्दांवाचून सांगितले जाते. पुढे इफ्ताहाच्या घरावर काय कोसळणार आहे त्याची ती पहिली चाहूल होय.

त्यानंतर मुलीचे स्वागतगीत येते. ते उजळ स्वरांत, नाचऱ्या तालात आहे. मैत्रिणी तिला साथ देतात आणि अखेर सहा आवाजांचा वृंद तो आनंद शिगेला पोहोचवतो. लगेच, मधे श्वासही न घेता, बाप मुलीला पाहतो. स्वरमेळ बदलतो. उजळ स्वरांच्या जागी उदास स्वर येतात आणि इफ्ताहाचे शब्द अडखळत, वाकड्यातिकड्या पायऱ्यांनी उतरू लागतात. किर्खरने आपल्या ग्रंथात कौतुक केले ते नेमके या वळणाचे. आनंदातून शोकात क्षणार्धात उतरणारे मन संगीताने कसे दाखवावे याचा तो त्याला आदर्श वाटला. भूप ऐकता ऐकता एकाएकी तोडी सुरू व्हावी, तसा काहीसा परिणाम होतो. उपमा ढोबळ आहे, पण कल्पना येण्यास पुरेशी आहे.

मग मुलीचा विलाप. ती एकटी गाते. डोंगरांना, टेकड्यांना, दऱ्यांना ती आपल्याबरोबर रडण्यास सांगते. तिची प्रत्येक ओळ संपली की तिच्या शेवटच्या शब्दांचा पडसाद दोन आवाजांतून उमटतो. हे दोन आवाज तिच्या मैत्रिणींचे की डोंगरांचे, हे ठरवता येत नाही. हाक मारावी आणि आपलाच आवाज परत यावा, एवढीच काय ती तिला मिळालेली सोबत. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी रोमच्या चर्चमध्ये स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती. मुलीचे हे गाणे कोवळ्या वयाचे मुलगे किंवा त्यासाठीच खच्ची केलेले पुरुष गात. स्त्रीचे इतके थेट दुःख मांडणारी रचना स्त्रीच्या तोंडून मात्र ऐकू येत नव्हती.

शेवटी सहा आवाजांचा वृंद इस्राएलच्या लेकरांना या मुलीसाठी शोक करण्यास सांगतो. येथील युक्ती समजून घेण्यासारखी आहे. बाकीचे आवाज पुढच्या स्वरमेळावर जातात, पण एक आवाज जुन्याच स्वरावर रेंगाळतो. त्यामुळे क्षणभर विसंवाद होतो, खुपते. मग तो आवाज नाइलाजाने एक पायरी खाली उतरतो आणि सुटका होते. तोवर दुसरा आवाज रेंगाळू लागलेला असतो. अशी ही वेदना एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जात राहते. भैरवातला आंदोलित कोमल ऋषभ षड्जावर टेकण्यास नकार देत राहावा, तसे वाटते. बळीचा प्रसंग कारिस्सिमी दाखवीत नाही. तो विलापावर थांबतो आणि पुढचे श्रोत्यांच्या मनावर सोपवतो.

सुमारे शंभर वर्षांनी हेंडेलने आपल्या ‘सॅमसन’ या ऑरेटोरिओत याच अंतिम वृंदगानातील संगीत घेतले. पुढे १७५१ मध्ये त्याने स्वतः इफ्ताहाचीच कथा संगीतबद्ध केली. ते लिहीत असतानाच त्याची दृष्टी गेली. तो त्याचा शेवटचा ऑरेटोरिओ ठरला. पण हेंडेलच्या कथेत देवदूत येतो आणि मुलगी वाचते. अठराव्या शतकातील लंडनच्या प्रेक्षकांना ती मरावी हे सोसले नसते. कारिस्सिमीने ती सवलत स्वतः घेतली नाही आणि श्रोत्यांनाही दिली नाही.

गोव्याच्या किनाऱ्यावर

आता पुन्हा गोव्याकडे वळू. रोममधील एका शिक्षकाचे संगीत १६६३ मध्ये मांडवीकाठी कसे पोहोचले? याचे उत्तर जेझुइट पंथाच्या जाळ्यात आहे. कारिस्सिमी ज्या पंथाच्या कॉलेजात नोकरीला होता, त्याच पंथाकडे गोव्याचे बॉम जेझूस चर्च होते. धर्मगुरू लिस्बनहून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून सहा सहा महिने समुद्रावर काढून येत. त्यांच्या पेट्यांत धर्मग्रंथांबरोबर संगीताच्या वह्याही येत.

पण वही आली म्हणून संगीत येत नाही. ते गाणारे गळे लागतात. पोर्तुगीजांनी गोव्यातील चर्चना जोडून शाळा काढल्या होत्या आणि त्यांत मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलेखन, गायन व वाद्ये शिकवीत. धर्मप्रसार हा त्यामागील हेतू होता, आणि त्या धर्मप्रसाराच्या इतिहासात देवळांच्या विध्वंसाची व जबरदस्तीची पानेही आहेत. ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. तथापि त्या शाळांतून शिकलेल्या पोरांनी शंभर वर्षांत युरोपातील सर्वांत अवघड संगीत आपलेसे केले, हेही तितकेच खरे.

ज्या प्रवाशाचा आरंभी उल्लेख केला तो जुझेप्पे दि सांता मारिया हा कार्मेलाइट पंथाचा धर्मगुरू. मलबारातील सिरियन ख्रिस्ती समाजातील तंटा मिटवण्यास पोपने त्याला धाडले होते. जानेवारी १६६३ मध्ये डचांनी कोची जिंकली आणि त्याला तेथून निघावे लागले. तो गोव्यास आला. आपल्या प्रवासवृत्तात त्याने या गायकांचे कौतुक केले आहे. त्यांचे कौशल्य व सहजता विश्वास बसू नये अशी असल्याचे तो सांगतो. ख्रिस्ती लोकांचे एकही गाव असे नाही की जेथील चर्चमध्ये ऑर्गन, हार्प आणि चांगला गायकवृंद नाही, असेही तो नोंदवतो. तो स्वतः इटालियन होता आणि रोमचे संगीत त्याच्या कानात होते. म्हणून त्याच्या साक्षीला वजन आहे.

या गायकांना तो ‘कानारीं’ म्हणतो. आपल्या मासिकात मराठीच्या पानांना लागून कन्नडची पाने असतात, म्हणून या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. कन्नड, कानडा या शब्दांवरून पोर्तुगीजांनी हे नाव घेतले आणि ते सरसकट गोव्याच्या लोकांना व त्यांच्या कोकणी भाषेलाही चिकटवले. मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचणाऱ्या फादर स्टीफन्सने कोकणीचे जे व्याकरण लिहिले, ते १६४० मध्ये राशोल येथे छापले गेले तेव्हा त्याच्याही नावात भाषा ‘कानारीं’च होती. असे एका चुकीच्या नावाखाली कोकणी माणूस, कानडी शब्द आणि इटालियन संगीत एका चर्चमध्ये एकत्र आले. त्या सात संघांतील एकाही गायकाचे नाव आज उरलेले नाही.

ही विद्या पुढे मात्र टिकली. १७५९ मध्ये पोर्तुगालने जेझुइटांना आपल्या मुलखातून घालवून दिले, तरी गावोगावच्या चर्चशाळांतून स्वरलेखन शिकवणे चालू राहिले. विसाव्या शतकात मुंबईच्या हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद ज्या गोमंतकीय वादकांनी व संयोजकांनी उभे केले, त्यांच्यापैकी अनेकांचा पाया याच शाळांनी घातलेला होता. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्सालविस ही नावे जुन्या चित्रपटसंगीताच्या रसिकांना सांगावी लागत नाहीत.

कुलपे आणि वह्या

कारिस्सिमी १२ जानेवारी १६७४ रोजी वारला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात रायगडावर राज्याभिषेक झाला, एवढे सांगितले म्हणजे काळाचा अंदाज येईल. सांत अपोलिनारे चर्चमध्येच त्याला पुरण्यात आले.

आपल्या हाती केवढा ठेवा आहे याची कॉलेजला जाणीव होती. त्याच्या मृत्यूनंतर त्यांनी पोप दहाव्या क्लेमेंटकडून आज्ञापत्रच मिळवले की, कारिस्सिमीची हस्तलिखिते जो कोणी कॉलेजबाहेर नेईल त्याला धर्मबहिष्कृत केले जाईल. त्या काळी याहून मजबूत कुलूप जगात नव्हते. शंभर वर्षे हे कुलूप टिकले. १७७३ मध्ये चौदाव्या क्लेमेंटने जेझुइट पंथच बरखास्त केला. कॉलेज जेझुइटांच्या हातून गेले, संग्रह विखुरला आणि त्यापाठोपाठ रोमवर फ्रेंच फौजांची धाड आली. कारिस्सिमीची स्वहस्तलिखिते नाहीशी झाली. बहिष्काराच्या धाकाने जे जपले होते त्यातले काहीही हाती लागले नाही.

मग ‘इफ्ताह’ आज आपल्याला ऐकायला कशी मिळते? ती विद्यार्थ्यांमुळे. १६६० नंतरच्या दशकात मार्क-आंत्वान शार्पांतिए नावाचा एक फ्रेंच तरुण रोमला येऊन सुमारे तीन वर्षे राहिला आणि कारिस्सिमीपाशी शिकला. त्याने ‘इफ्ताह’ स्वतःच्या हाताने उतरवून घेतली. ती नक्कल पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. पुढे शार्पांतिए स्वतः मोठा संगीतकार झाला आणि गुरूच्या धर्तीवर त्याने तीसहून अधिक पवित्र कथा संगीतबद्ध केल्या. जर्मनीचा केर्ल हाही कारिस्सिमीचा शिष्य. जर्मन कॉलेजमधून शिकून जाणारे विद्यार्थी आपापल्या गावी वह्या नेत, तेथे आणखी नकला होत. किर्खरचा छापील ग्रंथ तर जेझुइटांच्या हातून देशोदेशी गेला. एकोणिसाव्या शतकात फ्रीडरिख क्रिझांडर या जर्मन विद्वानाने त्याचे काही ऑरेटोरिओ संपादून छापले, तेही अशाच नकलांच्या आधारे. नकलांवर विसंबल्यामुळे कोणती रचना खरोखर त्याची आणि कोणती दुसऱ्या कोणाची, हा वाद काही बाबतींत अजून मिटलेला नाही. पण वाद घालण्यापुरते तरी काही उरले, ते नक्कल करणाऱ्यांच्या कृपेने.

आपल्याकडेही असेच घडले आहे. घराण्याच्या चिजा बाहेर जाऊ नयेत म्हणून किती उस्तादांनी त्या शिष्यांपासूनही लपवल्या, आणि किती चिजा त्यांच्याबरोबर गेल्या! पंडित भातखंड्यांनी गावोगाव हिंडून, आर्जवे करून, प्रसंगी अपमान गिळून चिजा मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत छापून टाकल्या. त्या छापल्या गेल्या म्हणून राहिल्या.

माझे गाव जसोंडी, बुरहानपूरकडचे. कारिस्सिमी रोमच्या कॉलेजात रुजू होऊन दोन वर्षे होत नाहीत तोच, १६३१ मध्ये, आमच्या बुरहानपुरात मुमताजमहल मरण पावली. तिच्यासाठी संगमरवर उभा राहिला, आणि जग तो पाहण्यास आग्र्याला जाते. आमच्या लहानपणी गावातील भजनाची एक जुनी वही होती. कडा झिजलेली, तेलाचे डाग पडलेली. ज्याला हवी त्याने न्यावी, उतरवून घ्यावी आणि परत करावी. ती वही पुढे फाटून संपली. पण तिच्यातली भजने पाचपन्नास घरांतील वह्यांत गेली होती. कारिस्सिमीचे चरित्र वाचताना मला ती वही आठवते. ती जर कोणी पेटीत घालून कुलूप लावले असते, तर वाळवीने वहीही नेली असती आणि भजनेही.

आपण विद्यार्थी आणि शिक्षक असे या मासिकाचे वाचक आहोत. कारिस्सिमीने व्हेनिसची गादी नाकारून चव्वेचाळीस वर्षे वर्गात घालवली, तेव्हा काही जणांना तो वेडा वाटला असेल. पण सान मार्कोच्या वैभवाने त्याचे संगीत वाचवले नसते, जसे पोपच्या आज्ञापत्राने वाचवले नाही. त्याच्या वर्गात बसलेल्या एका परदेशी मुलाच्या वहीने ते वाचवले. तेव्हा वर्गात बसून जे चांगले ऐकाल, ते उतरवून घ्या, आणि मागेल त्याला द्या. ‘इफ्ताह’च्या ध्वनिमुद्रिका आज सहज मिळतात. पंचवीस मिनिटे काढून ती एकदा अवश्य ऐका. शेवटच्या वृंदगानापाशी पोहोचलात म्हणजे बॉम जेझूसमधल्या त्या निनावी गायकांचीही आठवण ठेवा. कारिस्सिमी हयात असताना त्याचे सूर आपल्या भूमीवर प्रथम कोणी जिवंत केले असतील, तर त्यांनी.